अनोळखी माणसाला टोकावं की आपणच बाजूला व्हावं?

पहाटपक्षी

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, तेव्हापासून गेली सहा वर्षं मी सार्वजनिक जलतरण तलावावर सकाळच्या पहिल्या बॅचला जाते. गेल्या महिन्यापासून एक गृहस्थ येऊ लागले आहेत. शेजारच्या व्यायामशाळेतून घामाघूम येतात आणि शॉवर न घेता थेट पाण्यात उतरतात. चार फेऱ्या झाल्या की लेनच्या टोकाला भिंतीला पाठ लावून मित्राशी गप्पा सुरू. पोहत आलेल्याला वळायला जागाच उरत नाही. दोनदा माझा हात त्यांच्या खांद्याला लागला, तरी ते सरकले नाहीत.

नऊ दिवस मी गप्प बसले. दहाव्या दिवशी म्हणाले, "आधी शॉवर घेऊन उतराल का? आणि थोडं कडेला उभे राहाल का?" उत्तर आलं, "तलाव तुमच्या मालकीचा आहे का?" आवाज चढला होता. पाण्यात तेव्हा पंधराएक माणसं होती, एकानेही वर पाहिलं नाही. नंतर कपडे बदलायच्या खोलीत तिघी जणी एकेक करून माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बरं केलंत बोललात." त्या गृहस्थांच्या उत्तरापेक्षा मला हे जास्त लागलं.

शॉवरचा आग्रह कुणाला सोवळंओवळं वाटेल, म्हणून थोडं सांगते. तलावाजवळ जो उग्र वास येतो त्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो आणि पाणी स्वच्छ असल्याची ती खूण समजतो. खरं तर घाम, लघवी, अंगावरचं तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास असतो. डोळे चुरचुरतात ते त्यांच्यामुळे. त्यातला ट्रायक्लोरामाइन पाण्यातून सुटून पृष्ठभागावरच्या हवेत येतो, आणि पोहणारा श्वास घेतो तो नेमका तिथेच. शिवाय घामात गुंतलेला क्लोरीन जंतू मारायला तितका उरत नाही. उतरण्याआधी एक मिनिट अंगावर पाणी घेतलं तरी यातलं बरंच टळतं. एकाचा कंटाळा सगळ्यांच्या छातीत जातो.

माझं मत असं: सामायिक जागेत कुणी इतरांना त्रास देत असेल तर सांगायला हवं. लवकर, सौम्य शब्दांत, पण सांगायलाच हवं. तुम्हाला काय वाटतं?

आडवाट

असहमत. तुमचा त्रास खरा आहे, उपाय चुकीचा वाटतो.

तलावाचं शुल्क आपण भरतो त्यात व्यवस्थापनही आलं. नियम लिहिणं, फलक लावणं, मोडणाऱ्याला समज देणं हे त्यांचं काम. ते करत नसतील तर त्यांच्याकडे लेखी तक्रार करा, पाच जणांच्या सह्या घ्या. आपण एकमेकांचे पहारेकरी झालो की नियम कुणाचा चालतो? ज्याचा आवाज मोठा, त्याचा.

दुसरं, टोकणारे कुणाला टोकतात ते नीट पाहा. बसमध्ये, वाचनालयात, प्रतीक्षालयात मी हे वर्षानुवर्षं पाहतो आहे. टोकलं जातं ते शाळकरी पोरांना, साध्या कपड्यातल्या माणसाला, भाषा नीट न येणाऱ्याला, पहिल्यांदाच आलेल्या आणि रीत माहीत नसलेल्या बाईला. पाय पसरून बसलेल्या दांडगटाच्या वाटेला कुणी जात नाही. म्हणजे ज्याला सहज गप्प करता येतं, त्याच्यावरच ही शिस्त चालते.

साधासुधा

पहाटपक्षी, पूर्ण सहमत. लेखी तक्रारीचं उत्तर येईपर्यंत ऋतू बदलतो.

काठावर

मी अकरा वर्षं जीवरक्षक म्हणून काम केलं आहे, म्हणून आडवाट यांच्या पहिल्या मुद्द्याबद्दल लिहितो.

"व्यवस्थापनाला सांगा" म्हणताना लोक प्रत्यक्षात काठावर उभ्या असलेल्या जीवरक्षकालाच हाक मारतात. कृपा करून तसं करू नका. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही की हात हलवून बोलावतही नाही. तोंड पाण्याच्या वर ठेवायच्या धडपडीत आवाज काढायला श्वासच नसतो. सगळं मिनिटाच्या आत घडून जातं. तेवढा वेळ मी शॉवर कुणी घेतला आणि कुणी नाही याचा निवाडा करत पाण्याकडे पाठ करून उभा असेन, तर माझं काम कोण करणार? एकदा अशाच भांडणात मी वळलो होतो. परत पाहिलं तेव्हा एक मुलगा खोल बाजूच्या दोरीला लटकून खोकत होता. तो वाचला. मी मात्र त्या दिवसानंतर भांडण सोडवायला कधी वळलो नाही.

तेव्हा तक्रार कार्यालयात करा, आणि साधी गोष्ट असेल तर आपसात बोला. पाण्यात उतरलेल्याला "तुम्ही शॉवर घेतला नाहीत" म्हटलं की तो भांडणारच, कारण सगळ्यांसमोर त्याला घाणेरडा म्हटल्यासारखं होतं. तेच वाक्य शॉवरजवळ, उतरण्याआधी, एकट्याला सांगितलं तर माझ्या अनुभवात बहुतेक लोक मुकाट्याने नळाखाली जातात.

मितभाषी

इथे सगळे "बोलायला हवं" म्हणताहेत, म्हणून मला लिहावंच लागलं.

तीन वर्षांपूर्वी रेल्वेच्या डब्यात मोठ्याने व्हिडिओ लावलेल्या माणसाला मी "आवाज कमी करा" म्हणाले. अगदी सौम्यपणे. तो काही बोलला नाही. माझ्या स्टेशनवर उतरला आणि घराच्या वळणापर्यंत मागे चालत आला. मी एका दुकानात शिरले आणि भावाला फोन केला. तो माणूस बाहेर चाळीस मिनिटं उभा होता. पुढे सहा महिने मी वेगळ्या वेळेची गाडी धरायचे.

अनोळखी माणूस अनोळखीच असतो. त्याने प्यायली आहे का, त्याच्या खिशात काय आहे, घरून काय ऐकून निघाला आहे, आपल्याला काही ठाऊक नसतं. कपडे बदलायच्या खोलीतल्या त्या तिघींवर रागावू नका, ताई. भित्र्या म्हणून त्या गप्प होत्या असं नाही. त्यांनी हिशेब केला होता. बाजूला होणं, डबा बदलणं, दुसरी लेन धरणं यात मला कसलीही लाज वाटत नाही.

रांगेतला

मितभाषी, तुमच्या अनुभवापुढे वाद घालायचा नाही. पण एकट्याने बोलायचं किंवा एकट्याने निघून जायचं, यापलीकडे तिसरा मार्ग आहे.

मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रांगेत घुसण्याचा एक प्रयोग केला होता, तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. खऱ्याखुऱ्या रांगांमध्ये त्यांची माणसं शांतपणे मधे शिरायची. विरोध साधारण निम्म्या रांगांमध्येच झाला, आणि तोही मुख्यतः घुसणाऱ्याच्या लगेच मागे उभ्या असलेल्यांकडून. मला महत्त्वाचा वाटला तो पुढचा भाग. घुसणाऱ्याच्या मागे प्रयोगातलीच दोन माणसं मुद्दाम गप्प उभी केली, तेव्हा त्यांच्या मागच्यांचा विरोध जवळजवळ थांबला. पुढचे दोघे काही बोलत नाहीत म्हणजे त्यांना चालतंय, मग मी कशाला? तलावातल्या पंधरा जणांचं हेच झालं. प्रत्येक जण दुसऱ्याच्या गप्प बसण्याला संमती समजला.

याच्या उलटही दाखवलं गेलं आहे. १९७५ साली मानसशास्त्रज्ञ थॉमस मोरियार्टी यांनी समुद्रकिनाऱ्यावर रेडिओची एक खोटी चोरी घडवून आणली. रेडिओचा मालक शेजाऱ्याशी फक्त किरकोळ बोलून निघून गेल्यावर चोर आला, तर साधारण २० टक्के लोकांनी चोराला अडवलं. "जरा माझ्या सामानाकडे लक्ष ठेवाल का?" एवढं विचारलं असेल तर ९५ टक्के लोकांनी. एक वाक्य, तेही अनोळखी माणसाला.

मी हल्ली असंच करतो. त्रास देणाऱ्याकडे जाण्याआधी शेजारच्याला विचारतो, "तुम्हालाही त्रास होतोय का?" तो हो म्हणाला की आम्ही दोघे असतो. नाही म्हणाला, तर कदाचित माझंच चुकत असेल.

आडवाट

प्रयोग पटले. पण या सगळ्यात एक गृहीत आहे: त्रास देणारा म्हणजे बेपर्वा. तो बेपर्वा मी होतो, ते सांगतो.

वडील अतिदक्षता विभागात होते. मी प्रतीक्षालयात फोनवर बहिणीशी बोलत होतो, आवाज केव्हा चढला कळलंच नाही. एका गृहस्थांनी सगळ्यांसमोर झापलं, "हे तुमचं घर नाही." मी फोन बंद केला आणि जिन्यात जाऊन बसलो. त्याच रात्री वडील गेले. ते वाक्य अजून कानात आहे. आपण दुसऱ्याच्या वागण्यावरून त्याचा स्वभाव ठरवून टाकतो, त्याच्यावर काय गुजरलं आहे ते पाहत नाही. शंकेचा फायदा द्यायला काय हरकत आहे?

रांगेतला

आडवाट, वाचून वाईट वाटलं. तुम्हाला असं सगळ्यांसमोर झापायला नको होतं.

तरी एक विचारतो. त्याच बाकांवर आणखी कुणाचे वडील, कुणाचं मूल आत असेलच ना? फोनवरचं एका बाजूचं बोलणं कानावर पडलं की ते टाळता येत नाही. लॉरेन एम्बर्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं होतं की दोघांचं पूर्ण संभाषण ऐकण्यापेक्षा अर्धं संभाषण ऐकताना लक्ष जास्त विचलित होतं, कारण उरलेलं अर्धं मन जुळवत बसतं. ते गृहस्थ चुकीचं बोलले. पण समजा ते तुमच्या शेजारी येऊन बसले असते आणि म्हणाले असते, "बाहेर जिन्यात शांत आहे, तिथे बोलता येईल", तर?

आडवाट

तर मी आभार मानले असते. पण तशी माणसं हजारात एक, आणि "सांगायलाच हवं" हा नियम उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांच्या हातात जातो.

पहाटपक्षी

सगळे प्रतिसाद वाचले. मधल्या दिवसांत काय घडलं ते सांगते.

त्या तिघींपैकी एकीला मी विचारलं, उद्या माझ्याबरोबर थांबाल का? ती थांबली. काठावर यांनी सांगितलं तसं आम्ही शॉवरजवळच त्या गृहस्थांना गाठलं, त्यांचा मित्र यायच्या आधी. मी आधी माफी मागितली, चारचौघांत बोलल्याबद्दल. मग घामाचं आणि क्लोरीनचं सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटायचं क्लोरीन टाकतात ते त्यासाठीच." रोज शॉवर घेतात आता. भिंतीशी मात्र अजून उभे राहतात, मित्र आला की सगळं विसरतात.

मितभाषी, तुमच्या बाबतीत मी माझं मत मागे घेते. तुम्ही बोलायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. आडवाट, तुमच्याशी मात्र माझा वाद संपलेला नाही. नऊ दिवस गप्प बसले तेव्हा मी त्यांना शंकेचा फायदाच देत होते, आणि मनात रोज राग साठत होता. दहाव्या दिवशी माझा सूर चुकला तो त्यामुळे. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर इतकं तिखट बोलले नसते.

मितभाषी

मी पहिली बोलणार नाही, हे अजूनही तसंच. पण डब्यात दुसरं कुणी बोललं तर त्याच्या शेजारी जाऊन उभी राहीन. आतापर्यंत मी खिडकीबाहेर पाहायचे.

काठावर

भिंतीसाठी: त्यांना "थांबू नका" म्हणू नका, दम सगळेच घेतात. लेनच्या कोपऱ्यात, दोरीला चिकटून उभं राहायला सांगा. मधली भिंत मोकळी राहिली की वळणाऱ्याला पुरते. दोघांनाही एकदम सांगा, म्हणजे मित्र आल्यावर विसरणार नाहीत.