मदत हवी आहे: बार्शी लाईटमधल्या नोकरीची १९५४ पूर्वीची नोंद कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. दिवाळीच्या साफसफाईत जुनी ट्रंक उपसली तेव्हा त्यांचे दोन कागद हाती लागले.

एक पगाराचा, मार्च १९५२ चा. चार घड्या घातलेला, घडीवर विरलेला, खाली जांभळा शिक्का 'बार्शी लाईट रेल्वे'चा. दुसरा निवृत्तीचा, १९७३ चा. त्यावर दक्षिण मध्य रेल्वे! आजोबांनी जन्मभर कुर्डुवाडी सोडली नाही, मग मालक बदलला कसा?

१९५१ साली सगळ्याच कंपन्या सरकारी रेल्वेत आल्या असं मी धरून चाललो होतो. ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), निजामाची रेल्वे, शिंदे आणि धोलपूर संस्थानांच्या रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली, पण बार्शी लाईट त्यात नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभी केलेली ही लंडनला नोंदवलेली खाजगी कंपनी. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. १८९७ मध्ये बार्शी रोड (म्हणजे आपली कुर्डुवाडी) ते बार्शी गाडी सुरू झाली, पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज गाठलं. आजी सांगायची, आषाढीच्या दिवसांत आजोबा घरी फक्त जेवायला यायचे.

ही कंपनी सरकारने घेतली १ जानेवारी १९५४ ला, आणि ती मध्य रेल्वेत आली. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली तेव्हा सोलापूर विभाग तिकडे गेला, तो परत आला १९७७ मध्ये. म्हणजे त्याच शेडमध्ये उभं राहून आजोबांनी तीन रेल्वेंची नोकरी केली.

आता मुख्य प्रश्न. आजोबा लहानपणीच पोरके झाले आणि कोणाच्या तरी हाताला धरून कुर्डुवाडीला आले. मूळ गाव कोणतं, ते घरात कोणालाच माहीत नाही. भरतीच्या वेळी सर्व्हिस बुकात गाव, वडिलांचं नाव लिहून घेत असत असं त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका काकांनी सांगितलं. मग कंपनीच्या काळातली ती बुकं वर्कशॉपमध्येच राहिली, सोलापूरला गेली, की १९६६ नंतर सिकंदराबादच्या मुख्यालयात पोचली? कंपनीची दफ्तरं लंडनला परत गेली असतील का? ज्यांच्या घरी बार्शी लाईटची माणसं होती त्यांनी कुठून सुरुवात केली, तेही सांगा. एका कार्यालयात जाऊन आलो, तिथे 'इतकं जुनं नसतं' एवढंच उत्तर मिळालं. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा तर तो मध्य रेल्वेकडे करायचा की दक्षिण मध्यकडे?

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. कागद सापडल्यापासून रोज विचारतात, काही कळलं का. दोन्ही कागदांचे फोटो काढून ठेवलेत, ज्यांना शिक्का ओळखता येईल त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.