फॉर लूप दिसला की नाक मुरडायलाच हवं का?

खटपट्या: कोटलिनमध्ये अँड्रॉइड ॲप लिहिणाऱ्यांनो, हल्ली कोड रिव्ह्यूत साधा लूप दिसला की शेरा ठरलेला: 'फंक्शनल कर', म्हणजे लूपऐवजी फिल्टर, मॅप अशी तयार फंक्शन्स वापर. समजा पासबुकात ५००० व्यवहार आहेत आणि दाखवायचेत पहिले २० यशस्वी. लिस्टवरचा फिल्टर आधी सगळे ५००० तपासून नवी लिस्ट बनवतो, मॅप त्यातली प्रत्येक नोंद हव्या त्या रूपात बदलून आणखी एक बनवतो, मग टेक त्यातले २० उचलतो. बाकीचं कचऱ्यात! लूपमध्ये ब्रेक टाकला तर विसावा यशस्वी व्यवहार सापडताच काम संपतं. फॅशनपायी ही उधळपट्टी कशाला?

चिमणी_पुणे: मग ॲझसीक्वेन्स लावा की, लिस्टचा सीक्वेन्स होतो! एकेक व्यवहार फिल्टर-मॅपमधून पुढे जातो, २० भरले की थांबतं. आणि मुळात ५००० मेमरीत आणलेच कशाला? रूमच्या (अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी) क्वेरीतच व्हेअरची अट आणि लिमिटची मर्यादा टाका.

दादरकर: सीक्वेन्स सरसकट नको हं. लिस्टवरचे मॅप-फिल्टर इनलाइन असतात, म्हणजे त्यांचा कोड वापरल्या जागीच उतरतो, कंपाइल झाल्यावर लूपच उरतो. सीक्वेन्सला दिलेले लॅम्डा (छोटी बिननावाची फंक्शन्स) तसे इनलाइन होत नाहीत, त्यामुळे पन्नासेक नोंदींच्या लिस्टला तो उलट महाग पडू शकतो. मध्ये क्रम लावणारं सॉर्टेड आलं तर सगळे गोळा करावेच लागतात, मग सीक्वेन्सच्या 'लागेल तेवढंच काम' या आळशीपणाचा फायदा कसला?

खटपट्या: हेच म्हणतोय मी! एवढं लक्षात ठेवण्यापेक्षा लूप परवडला.

चिमणी_पुणे: महिन्यावार बेरीज लूपने लिहून दाखवा. ग्रुपबायने महिन्यावार गट, मग मॅपव्हॅल्यूजमध्ये समऑफने प्रत्येक गटाची बेरीज: दोन ओळी, वाचताक्षणी कळतात. तुमच्याकडे बाहेर म्युटेबल मॅप (की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा, बदलता येणारा), आत 'ही की आधीच आहे का' ही तपासणी, आणि तो मॅप पुढे कोण बदलतंय ते शोधत बसायचं.

दादरकर: वेगावरून भांडताय, पण माणसं आपटतात भलतीकडेच. कोटलिनचा रिड्यूस (लिस्टमधल्या सगळ्या नोंदींचं मिळून एकच उत्तर काढणारा) रिकाम्या लिस्टवर एक्सेप्शन फेकतो. नव्या ग्राहकाचं पासबुक रिकामंच असणार, म्हणजे पहिल्याच दिवशी क्रॅश. तिथे सुरुवातीची व्हॅल्यू घेणारा फोल्ड हवा. लिस्टचा की-व्हॅल्यू मॅप बनवणाऱ्या असोसिएटबायला एकच की दोनदा मिळाली तर शेवटचा टिकतो, आधीचा गुपचूप गायब.

आयफोनवाला: आयफोन ॲपच्या स्विफ्ट भाषेतल्या रिड्यूसला सुरुवातीची व्हॅल्यू द्यावीच लागते, त्यामुळे ही भानगड आमच्याकडे नाही. 😀

खटपट्या: ग्रुपबाय मान्य. पण फॉरईचच्या (प्रत्येक नोंदीवर चालणारं फंक्शन) आतून बाहेरच्या लिस्टमध्ये ॲड करून 'फंक्शनल' म्हणवतात, त्यांचं काय?

चिमणी_पुणे: त्यांच्या कोडवर शेरा मीही मारते.