राष्ट्र आधी की राज्य आधी?

कागदवाला:
परवा इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं होतं की युरोपात आधी भाषा होत्या, भाषांची राष्ट्रं झाली आणि मग राष्ट्रांनी आपापली राज्यं मिळवली. दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

१८६१ साली इटलीचं राज्य जाहीर झालं तेव्हा इटालियन बोलू शकणारे किती? एक अंदाज अडीच टक्क्यांचा, उदारातला उदार दहा टक्क्यांच्या आसपास. खुद्द राजा पीडमाँटी (इटलीच्या वायव्येकडची बोली) आणि फ्रेंच बोलायचा. फ्रान्समध्ये १७८९ साली 'राष्ट्र सार्वभौम आहे' असं जाहीर झालं, आणि पाच वर्षांनी आबे ग्रेग्वार हा धर्मगुरू आणि लोकप्रतिनिधी अहवालात सांगतो की किमान ६० लाख लोकांना फ्रेंच येतच नाही. मग हे राष्ट्र होतं कुठे? शाळा, सक्तीची लष्करभरती आणि रेल्वे यांनी ते घडवलं. राज्य आधी, राष्ट्र नंतर.

पाणवठा:
सोयीची दोन उदाहरणं घेतलीत. पोलंडचं काय? १७९५ साली शेजारच्या तीन सत्तांनी त्याची तिसरी फाळणी केली आणि देश नकाशावरून गेला. १२३ वर्षं स्वतःचं राज्य नाही. शाळा रशियाच्या, प्रशियाच्या, ऑस्ट्रियाच्या. तरी १९१८ ला पोलंड उभा राहिला. १९०१ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या ताब्यातल्या व्झेश्न्या गावात मुलांनी धर्माच्या तासाला जर्मनमध्ये उत्तरं द्यायला नकार दिला, छड्या खाल्ल्या. त्या मुलांना कुठल्या राज्याने पोलिश बनवलं, ते सांगा.

शेवटचा बाक:
छड्यांचा विषय निघालाच आहे तर बोलते. मूळ वादात मला फारसा रस नाही. आमच्या शाळेत घरची भाषा बोललं की वर्गप्रमुख नाव लिहून घ्यायची. माझं नाव सगळ्यात जास्त वेळा असायचं. शेवटी आईच आमच्याशी शाळेच्या भाषेत बोलायला लागली, मोडकंतोडकं. तिच्याशी मोकळं बोलणं तिथेच संपलं. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात ब्रेटन ही तिथली भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. दुसरं कुणी बोलताना सापडलं की तो त्याच्या गळ्यात जायचा, आणि दिवस संपताना ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. पोरांनाच पोरांवर पाळत ठेवायला लावायचं! वेल्समध्येही हीच रीत होती. 'राष्ट्र घडवलं' म्हणताना हे कुणी का सांगत नाही?

दगडीपाटी:
ताई, दुःख खरं आहे, पण दुसरी बाजूही ऐका. माझे आजोबा निरक्षर. कोर्टाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला, त्याने खोटं वाचलं, जमीन गेली. सगळ्यांची एक शिकलेली भाषा असती तर त्यांना कुणी फसवलं नसतं. फ्रान्समध्ये १८८१-८२ च्या कायद्यांनी शाळा मोफत आणि सक्तीची केली. त्याने गरिबाच्या पोराला दार उघडलं, हे विसरू नका.

शेवटचा बाक:
दार उघडायला गळ्यात लाकूड कशाला लागतं? दोन भाषा शिकवता येत नव्हत्या? आणि 'दुःख खरं आहे, पण' हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नका.

दगडीपाटी:
'पण' मागे घेतो. शाळा मागे घेत नाही.

कागदवाला:
मूळ मुद्द्यावर येऊ का? पाणवठा, तुमचा पोलंड १८४६ मध्ये बघा. ऑस्ट्रियाच्या वाट्याला गेलेल्या गॅलिशियात पोलिश जमीनदारांनी स्वातंत्र्याच्या उठावाची तयारी केली, तर पोलिश बोलणारे शेतकरीच त्यांच्या वाड्यांवर तुटून पडले. शेकडो मारले गेले. भाषा एक होती, पण शेतकऱ्याला जमीनदार आपला वाटतच नव्हता, कारण वेठबिगारी तोच करून घ्यायचा. भाषेतून राष्ट्र आपोआप उगवतं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

पाणवठा:
आपोआप उगवतं असं मी म्हटलेलं नाही, ते परवाच्या माणसाचं वाक्य. १८४६ चा मुद्दा मान्य, नाइलाजाने. पण मग व्झेश्न्याची पोरं साध्या घरांतलीच होती ना? प्रशियाच्या शाळेने त्यांना जर्मन करायला छडी उचलली आणि ती आणखी पोलिश झाली. त्यांच्या आईबापांनी निषेध केला तर त्यांनाच तुरुंगात टाकलं. तुमच्या सिद्धान्तात या शाळेची जागा कुठे?

कागदवाला:
शाळेने राष्ट्र घडवलं, फक्त स्वतःला हवं होतं ते नाही. एवढं कबूल. 'राज्य आधी' हे सरसकट लिहिलं ती माझी चूक. इटली-फ्रान्सबद्दल मात्र एक अक्षर मागे घेत नाही.

शेवटचा बाक:
आणि ज्यांच्या भाषेला ना राज्य मिळालं ना उठाव, त्यांचं काय? माझ्या आईची भाषा आता आमच्या घरात फक्त तिलाच येते.