जपान, १२ रात्री: सात गावं की तीन? कुठे किती दिवस द्यावेत?

चाफेकळी

नमस्कार मंडळी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं जपानला निघतोय. मी, नवरा आणि माझे आईबाबा, आई ६६ आणि बाबा ७०. टोकियोला उतरायचं आणि परतीचं विमान ओसाकाहून, मधे १२ रात्री. तिकिटं झाली पण त्या १२ रात्रींची वाटणी काही होत नाहीये, आणि व्हिसाच्या अर्जाला कुठल्या दिवशी कुठे राहणार त्याचा तक्ता जोडावा लागतो म्हणून आठवडाभरात ठरवायलाच हवंय.

नवऱ्याचा प्लॅन असा: टोकियो ३, हाकोने १, कानाझावा १, क्योतो ३, हिरोशिमा १, कोयासान (डोंगरावरचं देवळांचं गाव) १, ओसाका २. म्हणजे सात हॉटेलं. त्याचं म्हणणं, एवढा खर्च करून जातोय, आईबाबांचं जपान परत होणार नाही, तर जमेल तेवढं दाखवूया.

माझा प्लॅन: टोकियो ५, क्योतो ६, कोयासान १ आणि तिथून थेट विमानतळ. बाकी जे काही असेल ते क्योतोहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आईचे गुडघे दुखतात, ती शाकाहारी आहे आणि रोज बॅगा भरणं मला नकोच वाटतंय. प्लीज खरं खरं सांगा, कोणाचं चुकतंय?

घाटवाट

तुमच्या मिस्टरांना पूर्ण पाठिंबा. आम्ही गेल्या वर्षी १३ दिवसांत आठ गावं केली, बरोबर ११ वर्षांचा मुलगा होता, आणि एकाही गावाचा पश्चात्ताप नाही. जपानमधे गाव बदलणं हे आपल्यासारखं नाहीये हो, टोकियो ते क्योतो नोझोमी या बुलेट ट्रेनने सव्वादोन तास, क्योतो ते हिरोशिमा पावणेदोन तास, गाडी मिनिटावर सुटते, स्टेशनवर डबा कुठे थांबणार ते फलाटावर लिहिलेलं असतं. टोकियोत पाच दिवस काढलेत तर चौथ्या दिवशी मॉल फिराल, शहर ते शहरच. कानाझावा मात्र वगळू नका, केनरोकुएन बाग, नागामाचीतल्या सामुराई लोकांच्या मातीच्या भिंती, आणि जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख त्या एका गावात बनतो. आमच्याकडे तिथे फक्त एक दुपार आणि एक सकाळ होती, दुपारभर पाऊस होता, तरी घरात आजही सगळ्यात जास्त बोलणं त्याच गावाचं निघतं.

सुमिदाकाठ

मी नऊ वर्षं टोकियोत राहते, निशी-कासाईच्या बाजूला, दरवर्षी कोणाचे ना कोणाचे आईबाबा येतात त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरात कायम असतो. रात्री मोजू नका, पूर्ण दिवस मोजा. दोन रात्री म्हणजे एकच पूर्ण दिवस असतो आणि एक रात्र म्हणजे एकही नाही. हॉटेल सकाळी दहा-अकराला सोडावं लागतं आणि पुढच्या गावात खोली तीनशिवाय बहुतेक मिळत नाही, मधले चार-पाच तास तुम्ही बॅगा, लॉकर, तिकीट, जेवण यातच असता. सात हॉटेलं म्हणजे सहा वेळा हे करायचं. आणि उतरल्याचा पहिला दिवस फिरण्यात धरू नका, रात्रभराचा प्रवास, घड्याळ साडेतीन तास पुढे, आईबाबा त्या दिवशी जेवून झोपतील एवढंच.

घाटवाट, गाडी सव्वादोन तासच घेते हे बरोबर आहे, पण हॉटेलच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत धरा, शिंजुकुसारख्या स्टेशनात नुसतं योग्य दार सापडायलाच वीस मिनिटं जातात. म्हाताऱ्या माणसांबरोबर क्योतोला पोचेस्तोवर साडेचार-पाच तास गेलेले असतात.

घाटवाट

बॅगांचं उत्तर तिथेच आहे ना मग. ताक्युबिन! हॉटेलच्या काउंटरवर सुटकेस द्यायची, दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचलेली असते. आम्ही पाठीवर सॅक घेऊन फिरलो.

सुमिदाकाठ

दुसऱ्या दिवशी पोचते, तीच तर मेख आहे. एकेक रात्रीचे मुक्काम लागोपाठ ठेवलेत तर बॅग हाकोनेला येईल तेव्हा तुम्ही कानाझावाला निघालेले असाल. मोठी बॅग टोकियोहून थेट क्योतोला पाठवायची आणि मधल्या रात्री छोट्या बॅगेवर काढायच्या, हे जमतं, पण तेवढ्यात औषधं, स्वेटर, आईंचं खाणं सगळं बसवावं लागतं. आणि बॅग बरोबर न्यायची म्हटलं तर तोकाइदो म्हणजे टोकियो-क्योतो-ओसाका बुलेट ट्रेनच्या मार्गावर लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वरची बॅग असेल तर तशी सीट आधी राखून ठेवावी लागते, २०२० पासून नियम आहे.

हिशोबनीस

पैशांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सगळीकडे जे जुने प्लॅन फिरतात ना, दोन आठवड्यांत सात-आठ शहरं, ते रेल्वे पास स्वस्त होता तेव्हाचे आहेत. सात दिवसांचा पास २९,६५० येनला होता, ऑक्टोबर २०२३ मधे तो ५०,००० येन झाला. पूर्वी पास घेतला की जेवढं जास्त फिराल तेवढं फायद्यात, म्हणून लोक नकाशाभर पळायचे. आता टोकियो ते क्योतो साधारण १४,००० येन आणि क्योतो ते हिरोशिमा जाऊन-येऊन साधारण २३,००० धरा, म्हणजे ३७,००० च्या आसपास, पासपेक्षा सुटी तिकिटं स्वस्त. प्रत्येक वाढीव गाव आता चौघांच्या तिकिटांनी गुणून बघा.

डोंबिवलीकर_काका

मी ७१ वर्षांचा आहे, दोन वर्षांपूर्वी ग्रुप टूरने जपान केलं, रोज सकाळी सातला बस. दमलो का? हो, दमलो. पण तुम्हा मुलांचं एक मला पटत नाही, आईचे गुडघे, बाबांचं वय, म्हणून आम्हाला निवांत ठेवायचं हे तुम्ही परस्पर ठरवता. निवांतच बसायचं असतं तर आम्ही घरी बसलो असतो की. माझ्या मुलाने पुढच्या ट्रिपला आम्हाला एका समुद्रकिनाऱ्यावर पाच दिवस ठेवलं, तिसऱ्या दिवशी मी आणि ही, दोघंही गॅलरीत बसून घरच्या कुंड्यांना पाणी कोण घालत असेल यावर बोलत होतो. वय झालं की घाई वाटते हो, कारण किती वर्षं पाय चालणार ते माहीत नसतं. चाफेकळी, तुमच्या धाग्यात तुमचा प्लॅन आहे, नवऱ्याचा आहे, आईबाबांचा कुठाय? विचारलंत त्यांना?

वेळूबन

काकांशी निम्मी सहमत. मी मात्र संथ प्रवासाच्या बाजूने, आणि ते गुडघ्यांसाठी नाही. आम्ही क्योतोत सहा रात्री राहिलो. क्योतो हे एका रांगेत बघायचं गाव नाहीये, फुशिमी इनारी दक्षिणेला, कियोमिझु पूर्वेला डोंगरावर, अराशियामा पश्चिमेच्या टोकाला, किंकाकुजी वायव्येला, आणि बसला इतकी गर्दी की शहराने फक्त बसचा एक दिवसाचा पास बंदच करून टाकला. तीन रात्री म्हणजे दोन दिवस, त्यात हे चार कोपरे करायला गेलात तर आई बसमधे उभ्या असतील. आम्ही फुशिमी इनारीला पहिल्यांदा गेलो ते सकाळी अकराला, त्या केशरी तोरणांच्या बोगद्यात मुंगीसारखे पुढच्याच्या पाठीला लागून चाललो, काही दिसलं नाही. ते देऊळ चोवीस तास उघडं असतं. दोन दिवस हाताशी होते म्हणून परत पहाटे साडेपाचला गेलो, खांबांवर दव, एक आजोबा लांब दांड्याच्या झाडूने पायरीवरची पानं गोळा करत होते आणि तो खर्र खर्र आवाज खालपर्यंत येत होता. दुसऱ्यांदा जायला दिवस उरला पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

शिवाय तुम्ही मार्चअखेर जाताय म्हणजे साकुरासाठी, चेरीच्या फुलांचा तो बहर आठवडाभराचा, एका पावसात अर्धा गळतो. प्रत्येक गावाला एकच दिवस असेल आणि त्या दिवशी पाऊस लागला तर?

घाटवाट

तोच मुद्दा उलटा करून बघा. एकाच गावात सहा दिवस राहिलात आणि तिथला बहर संपलेला असला तर? जास्त गावं असली की कुठे ना कुठे तरी गाठ पडते.

वेळूबन

पडते, पण ती नशिबाने, आणि पुढची गाडी दुपारची असेल तर झाडाखाली बसणार किती वेळ. बाकी शाकाहाराचं पण विसरू नका, दाशी म्हणजे माशाचं पाणी जवळजवळ सगळ्या रश्श्यांत असतं. नव्या गावात पहिलं जेवण शोधण्यात तास-दीड तास जातो. एकाच गल्लीत चार दिवस राहिलं की आपलं हॉटेल, आपलं दुकान, आपला टोफूवाला ठरतो.

दीक्षाभूमीची_लेक

मी नागपूरची. एका रात्रीचा मुक्काम वाईटच असं धरून चाललेत सगळे, म्हणून लिहितेय. कोयासानला एकच रात्र द्या पण द्याच, सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं करू नका. तिथे जागेचं मोल रात्रीला आणि पहाटेला आहे. दिवसाची माणसं शेवटच्या गाड्यांनी उतरून गेली की ओकुनोइनच्या वाटेवर दोन किलोमीटर नुसते उंचच उंच देवदार, कंदील आणि दोन लाखांच्या वर समाध्या, शेवाळ आलेल्या. देवळातच राहायचं, जेवण पूर्ण शाकाहारी, तुमच्या आईंना काही विचारायचीही गरज नाही, लाकडी तबकात तिळाचा टोफू, डोंगरातल्या भाज्या, भात. सकाळी सहा-साडेसहाला प्रार्थना. आणि कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ साली बसवला. एवढ्या लांब, डोंगरावर, परक्या लिपीच्या गावात आपले बाबासाहेब उभे दिसले तेव्हा माझ्या वडिलांनी चपला काढून ठेवल्या आणि किती तरी वेळ ते तिथून हललेच नाहीत.

फक्त चाफेकळी, ती रात्र शेवटची ठेवू नका. केबल कार, मग गाडी, मग गाडी बदलून विमानतळ, यातलं एक चुकलं तर विमान चुकेल. शेवटची रात्र ओसाकात.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण मी विचारलंच नव्हतं. काल जेवताना विचारलं. बाबा क्षणभरही न थांबता म्हणाले, हिरोशिमा. त्यांच्या शाळेच्या पुस्तकात ६ ऑगस्टच्या अणुबॉम्बचा धडा होता, त्या घुमटाचं चित्र त्यांना अजून आठवतं. आणि आई आधी काहीच बोलेना, मग म्हणाली, "आपल्या बागेची मूळ बाग तिकडेच आहे ना गं?" आई रोज सकाळी सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला जाते, वीस वर्षं होत आली, तिथल्या पुलावर उभं राहून माशांना बघते. ती बाग ओकायामाच्या कोराकुएनवरून केलेली आहे हे पाटीवर तिने किती वेळा वाचलं असेल. आमच्या दोघांच्याही प्लॅनमधे ओकायामा नव्हतंच! सात गावांतही नाही आणि तीन गावांतही नाही.

सुमिदाकाठ

अगं मग प्रश्नच सुटला की! ओकायामा हिरोशिमाच्या वाटेवरच आहे. शिन-ओसाकाहून पाऊण तासात ओकायामा, बॅगा स्टेशनच्या लॉकरमधे, ट्रामने बागेपर्यंत, तीन-चार तास आईंना मनसोक्त फिरू दे, मागे काळा किल्ला दिसतो, क्रौंच पक्षी पाळलेत तेही बघा. मग पुढे जेमतेम चाळीस मिनिटांत हिरोशिमा.

आणि हिरोशिमाला दोन रात्री दे. संग्रहालय घाईत बघायची गोष्ट नाही, तिथे जळालेला जेवणाचा डबा आहे, शाळकरी मुलाचा, आत अन्नाचा कोळसा तसाच. ते बघून बाहेर आलं की लगेच दुसरीकडे जावंसं वाटत नाही, माणसं नदीकाठच्या बाकावर नुसती बसून असतात. मियाजिमा बेट दुसऱ्या दिवशी, तिथलं तोरण समुद्रात उभं आहे म्हणून भरती-ओहोटीची वेळ बघून.

चाफेकळी

मग आता असं धरते: टोकियो ४, क्योतो ४, ओकायामा करून हिरोशिमा २, कोयासान १, ओसाका १. हाकोने आणि कानाझावा गेले. नवरा कानाझावासाठी हळहळतोय पण आईचं बागेचं ऐकल्यावर तो काही बोलला नाही.

घाटवाट

पाच मुक्काम म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूला सरकलात असं मी धरतो. फुजी पर्वत मात्र सुटतोय, तो हाकोनेहून दिसतो, टोकियोतल्या चारांतला एक स्वच्छ दिवस हाकोनेला सकाळी जाऊन या, आधी ठरवू नका, आदल्या रात्री हवामान बघा. ढगाळ असेल तर जाऊच नका.

वेळूबन

अजिबात नको! पहिला दिवस झोपेत, उरले तीन. त्यातला एक परत गाडीत?

डोंबिवलीकर_काका

आईंना विचारा.

सुमिदाकाठ

एक राहिलं. हिरोशिमा ते कोयासान त्याच दिवशी करणार असाल तर नऊच्या आत निघा. शिन-ओसाका दीड तास, तिथून मेट्रोने नाम्बा, पुढे दीड तासाची डोंगरातली गाडी, मग केबल कार आणि बस. देवळात पाचच्या आत पोचावं लागतं, जेवण साडेपाच-सहालाच वाढतात. मोठ्या बॅगा आदल्या दिवशी हिरोशिमाहून थेट ओसाकाच्या हॉटेलात पाठव आणि आईबाबांचे स्वेटर मात्र हातात ठेव, वर आठशे मीटरवर एप्रिलमधेही चांगलीच थंडी असते.