गेटिसबर्गचे मृत सैनिक: दोन्ही बाजूंचे स्मरण सारख्याच मानाने व्हावे का?

कृष्णाकाठ (चर्चाप्रस्ताव)

अमेरिकेच्या यादवी युद्धातील गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत पेन्सिल्वेनियातील एका लहान गावाभोवती झाली आणि ठार, जखमी, कैद व बेपत्ता मिळून दोन्ही सैन्यांनी सुमारे ५१,००० माणसे गमावली. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला तेथील दफनभूमीच्या समर्पणप्रसंगी अब्राहम लिंकन यांनी केलेले छोटेसे भाषण आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. पण त्या दफनभूमीत केवळ उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, सैनिकांनाच जागा होती, हे फारसे कोणी सांगत नाही. दक्षिणेचे, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटलेल्या राज्यांचे, सैनिक शेतांतल्या उथळ चरांत तसेच पुरलेले राहिले. पुढे १८७१ ते १८७३ या काळात दक्षिणेतील महिलांच्या स्मारक मंडळांच्या पुढाकाराने तीन हजारांहून अधिक जणांचे अवशेष रिचमंड आणि इतर ठिकाणी हलवले गेले.

माझे म्हणणे एवढेच, की मेलेल्या शिपायाशी वैर धरू नये. दक्षिणेने एप्रिल १८६२ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू केली होती. त्यात ओढल्या गेलेल्या, स्वतःकडे एकही गुलाम नसलेल्या शेतकऱ्याच्या पोराला आपण कोणत्या न्यायाने दोषी ठरवणार? दक्षिणेची स्मारके हटवण्याची जी मागणी शहरोशहरी झाली, ती निदान या रणांगणापर्यंत येऊ नये.

रानवारा

कृष्णाकाठ, आपण शिपायाविषयी बोलता बोलता अलगद स्मारकांवर आलात आणि माझा आक्षेप नेमका त्या वळणावर आहे. थडगे प्रत्येकाला मिळावे, याबद्दल वाद नाही. परंतु गेटिसबर्गच्या मैदानावर दक्षिणेचे सर्वांत ठळक स्मारक म्हणजे व्हर्जिनिया राज्याने १९१७ साली उभारलेला जनरल रॉबर्ट ली यांचा अश्वारूढ पुतळा. ३ जुलैच्या दुपारी दक्षिणेचे सुमारे १२,००० सैनिक ज्या उघड्या शेतांतून तोफांच्या तोंडी गेले, त्या शेतांकडे तोंड करून तो उंच चौथऱ्यावर उभा आहे. त्यांना पाठवणारा सेनापती वर घोड्यावर आणि ते स्वतः चौथऱ्याच्या पायथ्याशी एका लहान समूहशिल्पात, अशी ही रचना आहे. यात शोक कुणाचा चालला आहे?

शिवाय ली यांचे सैन्य पेन्सिल्वेनियात शिरले तेव्हा त्यातील तुकड्यांनी तेथील कृष्णवर्णीयांना, त्यांत जन्मापासून स्वतंत्र असलेल्यांनाही, धरून गुलामगिरीत टाकण्यासाठी दक्षिणेकडे नेले. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले. त्यांनी १८७८ मध्ये न्यूयॉर्कला बजावले होते, की या युद्धात एक बाजू बरोबर होती आणि एक चूक होती, आणि कोणत्याही भावनेपोटी हा फरक विसरता कामा नये. शिपाई सक्तीने आला असेल. सैन्य कशासाठी आले होते, हे त्याने बदलत नाही.

पिंपळपान

मी धागाकर्त्यांच्या बाजूने लिहितो आहे, मात्र पुतळ्यांसाठी नव्हे. उत्तरेचा सार्जंट एमॉस ह्युमिस्टन पहिल्याच दिवशी मारला गेला. त्याच्याजवळ ओळख पटवणारे काहीच नव्हते, होता तो फक्त तीन मुलांचा काचेवरचा फोटो. वर्तमानपत्रांना तेव्हा फोटो छापता येत नसत, म्हणून मुलांचे नुसते वर्णन छापले गेले; थोरल्या मुलाचा सदरा आणि मुलीचा झगा एकाच कापडाचे आहेत, इतके बारीक. त्या वर्णनावरून न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावी त्याच्या पत्नीला आपण विधवा झाल्याचे कळले. दक्षिणेच्या मृतांच्या खिशांतही असे फोटो असतीलच. त्यांचे वर्णन छापायला उत्तरेत कोण बसले होते?

आणखी एक गोष्ट. प्रेते उकरून दफनभूमीत नेण्याच्या कामावर देखरेख करणारे सॅम्युएल वीव्हर कपडे, बूट, आतल्या वस्त्रांचे सूत पाहून शत्रू कोण ते ठरवत. एवढी काळजी घेऊनही दक्षिणेचे काही जण उत्तरेचे समजून तिथे पुरले गेलेच. शिवाय ९७९ दगडांवर नावाऐवजी केवळ आकडा आहे. रानवारा, त्या आकड्यांपुढे उभे राहून आपण बरोबर बाजू आणि चूक बाजू कशी निवडणार?

वाटसरू_बॉल्टिमोर

चर्चा ‘दोन्ही बाजू’ याच चौकटीत फिरते आहे, म्हणून लिहितो. दफनभूमीसाठी प्रेते उकरण्याचे ते किळसवाणे काम ज्यांनी केले, त्यांत बॅसिल बिग्ज आणि त्यांचे साथीदार होते, सगळे कृष्णवर्णीय. पुढे युद्धात लढलेले स्थानिक कृष्णवर्णीय सैनिक वारले तेव्हा त्यांतल्या बहुतेकांचे दफन गावातल्या वेगळ्या लिंकन सिमेटरीत झाले. १९१३ साली लढाईच्या पन्नाशीला ५०,००० हून अधिक म्हातारे सैनिक गेटिसबर्गला जमले, उत्तर-दक्षिणेच्या हातात हात दिले गेले आणि अध्यक्ष विल्सन यांनी जुने भांडण विसरल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी त्यांच्या प्रशासनाने केंद्रीय कचेऱ्यांत गोऱ्या आणि काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली. समेट झाला खरा, पण त्याची किंमत तिसऱ्यानेच मोजली. कृष्णाकाठ म्हणतात तो ‘सारखा मान’ देताना हा तिसरा माणूस कुठे उभा राहतो, हे त्यांनी सांगावे.

कृष्णाकाठ

वाटसरू, बिग्ज यांचे नाव दफनभूमीच्या दारातच लावावे, माझी हरकत नाही. उलट ते लिंकन यांच्या भाषणाइतकेच ठळक असावे. पण एक स्मरण वाढवण्यासाठी दुसरे कमी करण्याची गरज मला पटत नाही. लींचा पुतळाही राहावा आणि त्यांच्या सैन्याने माणसे धरून नेली, हे तिथेच फलकावर लिहावे.

रानवारा

चौथऱ्यावरचा घोडा अर्ध्या मैलावरून दिसतो आणि फलक वाचायला दोन पावलांवर यावे लागते, त्यामुळे ही तोड बरोबरीची नाही. त्याच मैदानावर नॉर्थ कॅरोलायनाचे १९२९ सालचे स्मारक आहे: पुढे झेपावणारे साधे पायदळ शिपाई आणि एक जखमी अधिकारी, सेनापती कोणीच नाही. शिल्पकार गट्झन बोर्ग्लम यांचे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या संघटनेशी संबंध होते, तरीही ते राहू द्यावे असे मी म्हणेन, कारण ते निदान मेलेल्यांविषयी आहे. आपला शेतकऱ्याचा पोरगा तिथे सापडतो. लींच्या स्मारकावर त्याला पायथ्याशी शोधावा लागतो, आणि तो पुतळा हटवला तर आपल्या प्रस्तावातल्या त्या पोराचे नेमके काय कमी होते, हे आपण अजून सांगितलेले नाही.