मदत हवी आहे: विंडोज ७ (३२ बिट) ला धक्का न लावता त्याच कॉम्प्युटरवर दुसरी सिस्टीम कशी बसवावी?

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे आणि थोडी घाईही आहे. नव्या हळदीचे सौदे सुरू झाले की दुकानातल्या कॉम्प्युटरला तासभरही हात लावता येणार नाही.

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ ची ३२ बिट आवृत्ती आहे. अडतीचा प्रोग्रॅम फॉक्सप्रो २.६ मध्ये, म्हणजे डॉसवरच्या फॉक्सप्रोत, फार पूर्वी बनवून घेतलेला. शेतकऱ्याची पट्टी (म्हणजे त्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद), हमाली, तोलाई, उचल, खरेदीदाराचं बिल, सगळं त्यातच. आमचे दिवाणजी काका कीबोर्डकडे न बघता त्यात पट्टी काढतात आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल पोर्टला जोडलेला असल्यामुळे एंटर दाबलं की कागद सरकायला लागतो. माल हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, ठेवायचे तेव्हाच्या नोंदीही त्यात आहेत. एखाद्या जुन्या शेतकऱ्याचा मुलगा वडिलांचा हिशोब विचारायला आला की अण्णा अजूनही तिथूनच काढून देतात. त्यामुळे "नवीन सॉफ्टवेअर घ्या" हा सल्ला कृपया देऊ नका, तो विषय घरात झालेला आहे.

अडचण दुसऱ्या बाजूला आहे. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. क्रोम १०९ व्या आवृत्तीच्या पुढे जात नाही. अशा मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकायला माझा हात धजावत नाही. ई-वे बिल आणि जीएसटीसाठी मी घरचा लॅपटॉप दुकानात नेते. मग पोत्यांचा आकडा एका स्क्रीनवर, बिल दुसऱ्यावर, आणि मध्ये कुणीतरी आकडे मोठ्यानं वाचून दाखवतंय.

मी जेवढं वाचलं त्यावरून चित्र असं दिसतंय. डॉसचा प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही, कारण १६ बिट प्रोग्रॅम चालवणारी सोयच त्यात नाही. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही. शिवाय त्याला आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आमचा आय३ तिसऱ्या पिढीचा. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती, त्यात डॉसची सोय वेगळी चालू करता येते. पण तिचीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती ग्राहकांना वाढीव अपडेट मिळतात ते ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. एवढ्यासाठी अख्खं बिऱ्हाड तिकडे हलवण्यात मला अर्थ वाटत नाही.

म्हणून ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टीम. एकीकडे विंडोज ७ आहे तसं, दुसरीकडे लिनक्स मिंट २२. ते २०२९ पर्यंत चालणार आहे आणि फुकट आहे. आमची भागीदारी पेढी असल्यामुळे जीएसटीचं विवरणपत्र ओटीपीवर भरता येतं, डिजिटल सहीचं टोकन लागत नाही. त्यामुळे ब्राउझर धड चालला की माझं काम झालं.

आता अडलंय कुठे ते सांगते. हार्ड डिस्क ५०० जीबीची आहे, रॅम ४ जीबी. डिस्कवर सी, डी, ई आणि १०० एमबीचा 'सिस्टीम रिझर्व्ह्ड', असे चार भाग आहेत आणि चारही प्रायमरी. ई मोकळाच होता म्हणून तो लहान करून शेजारी जागा काढली. त्या जागेत नवा भाग करायला गेले तेव्हा विंडोजनं विचारलं की डिस्क डायनॅमिक करू का. मी 'नाही' म्हणून तिथेच थांबले.

यार्डाजवळच्या एका दुरुस्तीवाल्यानं मशीन बघून सांगितलं, "सगळं फॉरमॅट मारू, नवीन टाकू, डेटा राहील बहुतेक." त्या 'बहुतेक'वर अण्णांनी मशीन परत आणलं.

मला जाणकारांकडून हे हवंय: जुन्या डिस्कवर एक अक्षरही नव्यानं लिहिलं जाणार नाही अशी पद्धत आहे का? आणि मशीन चालू करून कुणी काहीच दाबलं नाही तर दरवेळी विंडोज ७ च उघडलं पाहिजे. काकांना मेनू बघून विचार करायची वेळ यायला नको.

प्रतिसाद, कुपवाडहून

ताई, त्या प्रश्नाला 'नाही' म्हणालात ते फार चांगलं केलंत. जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कवर चारच प्रायमरी भाग मावतात. पाचवा मागितला की विंडोज डायनॅमिक डिस्कचा रस्ता दाखवतं, आणि एकदा तसं झालं की दुसरी सिस्टीम बसवणं जिकिरीचं होतं, मागे फिरणं त्याहून. चौथा भाग मोडून त्याचा एक्स्टेंडेड (ज्याच्या पोटात आणखी भाग मावतात असा) करता येतो, पण तुमच्या अटीत ते बसत नाही.

मी एमआयडीसीत जुन्या यंत्रांचे कॉम्प्युटर सांभाळतो. तिथे अजून एक्सपी चालतंय आणि तिथेही हीच अट असते, जुन्याला हात नको. त्यामुळे खात्रीनं सांगतो, जागा शोधत बसू नका. वेगळी एसएसडी घ्या. २४० जीबीची साधी साटा पुरे, मिंटला १०० जीबी असली तरी ऐसपैस होतं.

मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, जुन्या डिस्कची डेटा केबल उपसून बाजूला ठेवा. आता मशीनमध्ये फक्त एसएसडी. पेनड्राइव्हवरून मिंट बसवा, ते चालतंय हे बघा, पुन्हा बंद करा आणि मगच जुनी डिस्क जोडा. ही केबल काढणं लोकांना आळशीपणानं टाळावंसं वाटतं, पण सगळी मेख तिथेच आहे. कुठलीही सिस्टीम बसताना आपला बूट लोडर (सिस्टीम उठवणारा छोटा प्रोग्रॅम) कुठल्या डिस्कवर ठेवायचा ते ती स्वतः ठरवते आणि बऱ्याचदा पहिली दिसणारी डिस्क निवडते. जी डिस्क जोडलेलीच नाही तिच्यावर कोण काय लिहिणार?

दोन विंडोज एकाच डिस्कवर बसवायच्या असत्या तर जुनी आधी आणि नवी नंतर असा क्रम पाळावा लागला असता, कारण नव्याचा बूट मॅनेजर जुन्याला ओळखतो, जुन्याचा नव्याला ओळखत नाही. तुमच्याकडे दोन डिस्क झाल्या की हा प्रश्नच उरत नाही.

बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, दोन गोष्टींना हात लावू नका. एक, साटा मोड, म्हणजे मशीननं डिस्कशी बोलायची पद्धत. तो आयडीई असेल तर आयडीईच राहू द्या. 'एसएसडीला एएचसीआय चांगलं' असं कुणीही सांगेल आणि ते खरंही आहे, पण आयडीईवर बसवलेलं विंडोज ७ मोड बदलला की निळ्या स्क्रीनवर जाऊन पडतं. दोन, लीगसी किंवा सीएसएम नावाचा पर्याय, म्हणजे यूईएफआय या नव्या पद्धतीऐवजी जुन्या पद्धतीनं उठायची सोय. ३२ बिट विंडोज ७ त्याच्याशिवाय उठणार नाही. मिंटचा पेनड्राइव्ह लावल्यावर बूट मेनूत त्याची बहुधा दोन नावं दिसतील, एकाच्या पुढे यूईएफआय लिहिलेलं. यूईएफआय नसलेलं नाव निवडा, म्हणजे दोन्ही सिस्टीम एकाच पद्धतीनं उठतील.

आता काकांचं. बायोसमध्ये पहिलं बूट साधन म्हणून जुनी हार्ड डिस्क ठेवा. कुणी काही दाबलं नाही तर विंडोज ७. तुम्हाला मिंट हवं तेव्हा मशीन चालू होताना बूट मेनूची कळ दाबायची. ती बोर्डाप्रमाणे एफ८, एफ११ किंवा एफ१२ असते, सुरुवातीला स्क्रीनच्या खाली लिहून येते.

रॅमची ४ जीबीची आणखी एक डीडीआर३ पट्टी टाकता आली तर टाका. ३२ बिट विंडोजला तिचा उपयोग नाही, मिंटला मात्र चांगलाच होईल.

प्रतिसाद, साताऱ्याहून

वरच्या दादांनी सांगितलंय ते तंतोतंत बरोबर आहे. माझी काळजी वेगळी आहे. तिसऱ्या पिढीच्या मशीनबरोबरची हार्ड डिस्क म्हणजे तिचं वयही तेवढंच. मिंट बसलं नाही तर आज ना उद्या बसेल, पण ती डिस्क गेली तर तुमच्या अण्णांच्या नोंदी कुणीही परत आणू शकणार नाही. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून डिस्कची तब्येत बघा. 'रीअलोकेटेड सेक्टर'च्या (खराब झाल्यामुळे बदललेल्या जागांच्या) पुढे शून्याऐवजी काही असेल, आणि ते वाढत असेल, तर आधी डिस्क बदला, बाकीचं नंतर.

विंडोज ७ मध्येच 'बॅकअप अँड रिस्टोअर'खाली सिस्टीम इमेज, म्हणजे सगळ्या सिस्टीमची जशीच्या तशी प्रत, करायची सोय आहे. बाहेरच्या हार्ड डिस्कवर ती घ्या. शिवाय फॉक्सप्रोचं फोल्डर वेगळं कॉपी करा. नोंदींच्या डीबीएफ फाइली तर हव्यातच, पण त्याच नावाच्या एफपीटी असतील तर त्या अजिबात विसरू नका, मेमोतला मजकूर त्यांतच असतो. इंडेक्सच्या फाइली पुन्हा बनवता येतात, एफपीटी बनवता येत नाही. कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं मानू नका. लॅपटॉपवर लिबरऑफिस कॅल्कमध्ये त्यातली एखादी डीबीएफ उघडा आणि ओळखीच्या शेतकऱ्याचं नाव दिसतंय का बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा कुठवर आली होती हे सांगलीकरांना मी काय सांगावं, पण ती बाहेरची डिस्क दुकानात ठेवू नका.

अजून एक. लिनक्स मशीनचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळेवर. म्हणजे मिंट वापरून बंद केलं आणि सकाळी दहाला विंडोज उघडलं तर ते साडेचार दाखवेल. तुमच्या प्रोग्रॅमला तारीख-वेळ महत्त्वाची आहे म्हणून हे आधीच सांगतो. जुनी डिस्क काढून मिंट बसवणार असल्यामुळे शेजारी विंडोज आहे हे त्याला कळणारही नाही. बसवून झालं की टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा द्या (टंकताना अर्थात रोमन लिपीत), साडेपाच तासांचा घोळ मिटेल.

विंडोज ७ चं नेटवर्क डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून टाका. पट्टीला इंटरनेट लागत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इतकं नीट कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

डिस्कची तब्येत पाहिली, रीअलोकेटेड शून्य आहे. इमेज घेतली, फोल्डर वेगळं घेतलं, एफपीटी होत्या. लिबरऑफिसमध्ये कसबे डिग्रजच्या एका शेतकऱ्याची जुनी पट्टी उघडली आणि आकडे बघून अण्णांनी मान हलवली. बाहेरची डिस्क आता विश्रामबागला माझ्या घरी असते.

काल रविवारी यार्ड बंद असताना केबल काढून मिंट बसवलं. साटा मोड आयडीईच होता, तो तसाच ठेवला. जुनी डिस्क जोडून मशीन चालू केलं तर सरळ विंडोज ७ आलं. आज काकांनी पट्टी काढली, त्यांना फरक जाणवलासुद्धा नाही. एफ११ दाबलं की माझं मिंट. घड्याळही बरोबर चालतंय.

एकच शंका राहिली. मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये जुन्या डिस्कचे भाग दिसतात. त्यावर क्लिक केलं तर ते उघडतील ना? पोत्यांचा आकडा तिथून थेट बघता आला तर बरं होईल, पण चुकून काही लिहिलं जायला नको.

प्रतिसाद, साताऱ्याहून

उघडतील, आणि लिहिताही येईल, म्हणून साधं क्लिक नको. मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचं साधन आहे. त्यात त्या भागाच्या माउंट पर्यायांमध्ये जाऊन 'आरओ' हा शब्द टाका, म्हणजे तो फक्त वाचण्यापुरता उघडेल. विंडोज ७ नेहमी पूर्ण बंद करा, हायबरनेट करू नका. हायबरनेट केलेल्या डिस्कला बाहेरून हात लावणं धोक्याचं असतं. सी भाग तर उघडूच नका, प्रोग्रॅम डी वर असेल तर तेवढाच जोडा.

धागाकर्ती

प्रोग्रॅम डी वरच आहे. तेवढाच 'आरओ' करून जोडला. त्यात एक फाइल मुद्दाम कॉपी करून बघितली, मिंटनं नकार दिला. दादा, आभारी आहे. धागा 'सुटला' म्हणून खूण करते.