मॉडसाठी रचलेले संगीत अर्ध्या तासात नकोसे होते, चुकते कुठे?

प्रश्न: दिलरुबावाला (ठाणे)

नमस्कार मंडळी,

'स्कायरिम' या संगणक खेळासाठी काही चाहते मिळून एक मॉड, म्हणजे खेळात नवी भर घालणारी जोड, तयार करत आहेत आणि गेले चार महिने मी त्याचे संगीत रचतो आहे. आमचा चमू पाच जणांचा असून माझ्याखेरीज त्यातले कोणीही भारतात राहत नाही. मॉडमध्ये बर्फाळ डोंगरांमधली एक नवी दरी, तटबंदीचे एक गाव आणि एक पडके देऊळ आहे, आणि या तिन्ही ठिकाणी मूळ खेळातले नव्हे तर नवे संगीत ऐकू यावे अशी सर्वांची इच्छा आहे. मी रीपर या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत काम करतो, वाद्यवृंदासाठी स्पिटफायर कंपनीचे फुकट मिळणारे ध्वनिसंच वापरतो, आणि घरात आजोबांचा दिलरुबा (गजाने वाजवायचे तंतुवाद्य) आहे तो जमेल तसा वाजवतो.

आतापर्यंत तीन तुकडे झाले असून तिन्हींबाबत तक्रार आहे. दरीत भटकतानाचा चार मिनिटांचा तुकडा मी यमनाच्या अंगाने, बासरीवर बांधला होता. तो पहिल्यांदा ऐकून सगळे खूश झाले, पण चाचणी घेणाऱ्या सहकाऱ्याने अर्ध्या तासात खेळातले संगीत बंद करून टाकले, आणि दुसऱ्याने सौम्य शब्दांत कळवले की ही दरी एकदम हिमालयात गेल्यासारखी वाटते. लढाईचा तुकडा शत्रू मेला की मध्येच तुटतो आणि ते कानाला फार बोचते. तिसरी अडचण वेगळ्या प्रकारची आहे: गावाच्या संगीतात मूळ खेळाच्या मुख्य धूनेच्या सात-आठ मात्रा गुंफाव्यात, म्हणजे खेळाशी नाते जाणवेल, असा चमूचा आग्रह आहे. हे चालते का? आणि पुढे हे तुकडे मला माझ्या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध करता येतील का?

प्रतिसाद: रात्रपाळी

भटकंतीच्या तुकड्यापुरते लिहितो, कारण हीच चूक मी स्वतः करून बसलो होतो.

चार मिनिटांचा तुकडा सलग वाजत राहिला तर तासाला पंधरा वेळा वाजतो, आणि एवढ्या वेळा ऐकल्यावर कोणताही ठसठशीत मुखडा छळू लागतो. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताला नायक शिखरावर केव्हा पोहोचणार हे ठाऊक असते. तुमच्या तुकड्याला मात्र खेळणारा शिखर चढतो आहे की झुडपामागे बसून पोतडीतले कोबी मोजतो आहे याचा पत्ता नसतो. त्यामुळे तुकडा कुठेतरी 'पोहोचतो' असे वाटले की तो खोटा पडतो.

माझी पहिली खटपट त्याच मालिकेतल्या 'मॉरोविंड'साठी होती. तो २००२ सालचा खेळ असल्याने व्यवस्था अगदी साधी आहे: 'एक्सप्लोअर' आणि 'बॅटल' अशा फोल्डरांत एमपी३ फायली टाकायच्या, खेळ त्यांतली कोणतीही उचलून वाजवतो. तिथे माझ्या लक्षात आले की वाटेत एखादा उंदीर जरी अंगावर आला तरी भटकंतीचा तुकडा तुटतो आणि लढाईनंतर नवा तुकडा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणजे खेळणाऱ्याच्या कानावर सर्वाधिक वेळा पडते ते पहिले मिनिट, आणि चौथे मिनिट क्वचितच. तुम्ही बासरीची चाल पहिल्या दहा सेकंदांत आणली असणार, अशी माझी पैज आहे. सुरुवातीला केवळ खालच्या तंतुवाद्यांचा धरलेला स्वर आणि वाऱ्यासारखे काहीतरी ठेवा. चाल दुसऱ्या मिनिटानंतर, तीही अर्धी येऊ द्या, म्हणजे जो तिथवर शांतपणे चालत राहिला त्याला ती बक्षिसासारखी मिळेल.

दुसरे म्हणजे शांतता मुद्दाम रचावी लागते. क्रिएशन किट या 'स्कायरिम'चे मॉड बनवण्याच्या साधनात 'म्युझिक ट्रॅक' तयार करताना 'सायलेंट ट्रॅक' असा एक प्रकार निवडता येतो, त्याला फक्त कालावधी द्यायचा असतो. दरीच्या 'म्युझिक टाइप'मध्ये, म्हणजे तिथे वाजणाऱ्या तुकड्यांच्या यादीत, तीन छोटे तुकडे आणि दोन-अडीच मिनिटांचे दोन मूक तुकडे घालून पाहा. बर्फावरच्या पावलांचा आवाज ऐकू आला की तीच दरी मोठी वाटू लागते.

प्रतिसाद: तरफ

'हिमालयात गेल्यासारखे' या शेऱ्याबद्दल. दोष यमनाचा नाही, निदान त्याच्या स्वरांचा तर नाहीच. यमनाच्या कल्याण थाटाला पाश्चात्त्य संगीतात लिडियन म्हणतात, काफीला डोरियन, आसावरीला एओलियन, आणि उत्तरेकडच्या बर्फाळ कल्पनाविश्वासाठी रचना करणारे शेवटच्या दोघांचा सढळ वापर करतात. ऐकणाऱ्याला भारत दिसतो तो मींडेमुळे (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यामुळे), कणस्वरांमुळे (ओझरत्या स्पर्शाच्या स्वरांमुळे) आणि नी-रे-ग सारख्या ओळखीच्या चलनामुळे. त्यातून बासरी असली की संशयाला जागाच उरत नाही. प्रयोग म्हणून तुमची तीच चाल काफीच्या स्वरांत आणा, मींड काढून स्वर सरळ लावा, खाली सा आणि प एवढेच चेलोंवर धरून ठेवा, आणि मग ऐका.

बासरी काढा, पण दिलरुबा अजिबात काढू नका. नॉर्वेच्या हार्डांगर फिडलला मुख्य तारांखाली चार-पाच तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप गुंजणाऱ्या, तारा असतात, आणि स्वीडनच्या निकेलहार्पालाही तरफा असतात. गजाने वाजणारे आणि तरफांनी गुंजणारे वाद्य त्या प्रदेशाला परके नाही, त्यामुळे सरळ, लांब गजाने वाजवलेला दिलरुबा तिथे नुसता खपणार नाही तर फुकटच्या ध्वनिसंचातल्या गुळगुळीत व्हायोलिनांना जो खरखरीतपणा नसतो तो नेमका आणून देईल. तरफा मात्र काफीच्या स्वरांत लावून घ्या. त्या यमनात लावलेल्या राहिल्या तर तीव्र मध्यम मागून कुरकुरत राहतो. ध्वनिमुद्रण रात्री, पंखा बंद करून करा, आणि मायक्रोफोन गजाजवळ न धरता हातभर लांब, घोडीच्या दिशेने ठेवा. गजाचा थोडा घासण्याचा आवाज येईल, तो पुसू नका.

प्रतिसाद: कीलबोर्ड

लढाईचा तुकडा तुटतो कारण तुम्ही तो एकसंध फाइल म्हणून दिला आहे. क्रिएशन किटमध्ये एका 'म्युझिक ट्रॅक'ला मुख्य फाइलीखेरीज आणखी तीन गोष्टी जोडता येतात: लूप म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा भाग कुठे सुरू होऊन कुठे संपतो, 'क्यू पॉइंट' म्हणजे कोणत्या सेकंदांना बाहेर पडता येईल, आणि 'फिनाले' म्हणजे बाहेर पडताना वाजणारी वेगळी छोटी फाइल. आपल्या भाषेत सांगायचे तर तिहाई आधीच तयार ठेवायची आणि खेळाला सम कुठे आहे ते कळवायचे.

यासाठी लय ठरवतानाच थोडे गणित करा. मिनिटाला ९० ठोके आणि चार ठोक्यांचा बार धरला तर एक बार २.६६६... सेकंदांचा होतो आणि क्यू पॉइंट लिहिताना प्रत्येक वेळी अपूर्णांक घसरतो. ९६ ठोक्यांना बार नेमका २.५ सेकंदांचा होतो, ८० ला ३ सेकंदांचा आणि १२० ला २ सेकंदांचा. मी ९६ सुचवीन, दर दोन बारांनी म्हणजे ५ सेकंदांनी एक क्यू पॉइंट ठेवीन, आणि फिनाले चार सेकंदांच्या आत संपवीन, कारण शत्रू मेल्यावर खेळणारा लगेच त्याचे खिसे चाचपू लागतो आणि त्या कामाला विजयाचे नगारे शोभत नाहीत. शिवाय 'म्युझिक टाइप'वर 'अब्रप्ट ट्रान्झिशन'ची (एकदम तोडून बदलण्याची) खूण चुकून राहिली नाही ना, हे पाहा.

लूपच्या सांध्यावर आवाज गचकत असेल तर कारण बहुधा घुमाऱ्याचे असते: शेवटच्या बारातील नगाऱ्याची घुमी कापली जाते आणि पहिला बार कोरडा सुरू होतो. रीपरमध्ये तोच भाग पाठोपाठ दोनदा मांडा आणि केवळ दुसरी फेरी बाहेर काढा, म्हणजे पहिल्या फेरीची शेपटी तिच्या सुरुवातीला आपोआप येते. मधल्या टप्प्यात एमपी३ करू नका, कारण ते बनवताना सुरुवातीला थोडी रिकामी जागा शिरते आणि लूप लंगडतो. वेव्ह फाइलवरून थेट एक्सडब्ल्यूएम करा; मूळ खेळाचे संगीतही त्याच स्वरूपात आहे.

प्रतिसाद: कलम एकोणीस

मी संगीतकार नाही, पण करारमदारांचे काम करतो, म्हणून शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर देतो.

'सात-आठ मात्रांपर्यंत चालते' असा नियम कुठल्याही कायद्यात नाही, ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. धून ओळखू यावी म्हणूनच तुम्ही ती घेणार आहात आणि नेमक्या त्याच कारणाने ती दुसऱ्याची ठरते. त्यातून पुढे तुकडा स्वतंत्रपणे प्रसिद्ध करायचा असेल तर ते आठ ठोके आयुष्यभर पायात घोटाळतील. चमूला नातेच हवे असेल तर गावाच्या यादीत मूळ खेळातला एखादा तुकडा तसाच जोडा. ती फाइल खेळणाऱ्याच्या संगणकावर आधीपासून असते, त्यामुळे मॉडबरोबर तिची नक्कल वाटावी लागत नाही. तुमची रचना मात्र स्वच्छ राहू द्या.

तुमच्या स्वतःच्या तुकड्यांचे म्हणाल तर १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे संगीत रचणारा हाच त्याचा प्रथम मालक असतो, नोंदणी करावी लागत नाही, आणि तो हक्क रचनाकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क सोपवायचा तर लेखी सोपवावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. तुमचे सहकारी परदेशांत आहेत म्हणून हे मुद्दाम सांगतो. हक्क सोपवूच नका. मॉडमध्ये वापरण्याची, मॉडबरोबर विनामूल्य वाटण्याची आणि त्याच्या जाहिरातीच्या चित्रफितींत घेण्याची अनन्य नसलेली परवानगी लेखी द्या, बाकी सर्व तुमच्याकडे राहील असे त्यात स्पष्ट लिहा, आणि सही करून सर्वांना पाठवा. याच निमित्ताने ध्वनिसंचांच्या अटीही वाचून घ्या, कारण रचनेत वापरण्याची मुभा असली तरी सुटे स्वर वाटण्याची सहसा नसते.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुकडे प्रसिद्ध करताना वितरकाने यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (संगीत आपोआप ओळखून दावा लावणाऱ्या व्यवस्थेत) ते टाकले, तर तुमचा मॉड कौतुकाने खेळून दाखवणाऱ्या माणसाच्या चित्रफितीवर तुमच्याच नावाने दावा लागतो. तो पर्याय बंद ठेवा.

प्रतिसाद: दिलरुबावाला

सर्वांचे मनापासून आभार. रात्रपाळी, पैज तुम्ही जिंकलात, चाल सातव्या सेकंदाला होती. तीन आठवड्यांत भटकंतीचे तीन तुकडे नव्याने केले, काफीच्या स्वरांत, दिलरुबा फक्त एकात. लढाई ९६ वर आणली आणि फिनाले साडेतीन सेकंदांचा ठेवला. आता तो बरोबर बसतो. मूळ धूनेचा आग्रह चमूने सोडला असून परवानगीचा मजकूर त्यांना पाठवला आहे.

आता दिलरुब्याचा तुकडा केवळ रात्री वाजावा म्हणून त्याला अट घातली आहे: 'गेटकरंटटाइम' (खेळातल्या घड्याळाचा तास) २० पेक्षा जास्त किंवा समान, आणि ५ पेक्षा कमी. तरी तो कधीच वाजत नाही. फाइल ठीक आहे, अट काढली की लगेच वाजतो.

प्रतिसाद: कीलबोर्ड

दोन्ही अटी 'अँड'ने, म्हणजे दोन्ही एकाच वेळी खऱ्या हव्यात अशा, जोडलेल्या राहिल्या आहेत. घड्याळ मध्यरात्री शून्यावर येते, त्यामुळे एकाच क्षणी २० च्या वर आणि ५ च्या खाली असणारी वेळ अस्तित्वातच नाही. पहिल्या अटीपुढची 'ऑर'ची (दोन्हींपैकी एक पुरे अशी) खूण लावा, वाजेल.